आंतून लावलेली ताटी

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, क्रोधावर बोलणें सोपें. क्रोध आला असतां न बोलणें कठीण. हें पोथींतलें सांगत नाहीं, स्वतःची फजिती सांगतों.

तीसएक वर्षें झालीं. नारायण पेठेंत पत्र्या मारुतीजवळच्या एका वाड्यांत चातुर्मासाचें कीर्तन होतें. निरूपणास ताटीचे अभंग घेतले होते. चाल धरतांना एक वृद्ध टाळकरी चुकले. पुन्हां चुकले. तिसऱ्या वेळीं मीं हात वर करून मृदंग थांबवला आणि भर कीर्तनांत म्हटलें, "टाळ धरतां येत नसेल तर घरीं बसावं, आबा!" आबांनीं गळ्यांतले टाळ काढले, विणेकऱ्यांच्या पायां पडले आणि खालीं मान घालून जिना उतरले. मीं निरूपण पुढें चालवलें. विषय कोणता, तर क्षमा! श्रोते ऐकत होते, पण माझें बोलणें मलाच ऐकवेना.

ताटीची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंपरेच्या गणनेनें ज्ञानोबारायांचा जन्म शके ११९७ चा, मुक्ताईचा शके १२०१ चा. म्हणजे चार वर्षांनीं धाकटी बहीण. संन्याशाचीं पोरें म्हणून लोकांनीं हिणवलें, मन विटलें, आणि माउली ताटी लावून आंत बसले. मुक्ताईनें काय केलें? ताटी म्हणजे बांबूच्या कामट्यांचें दार. एका धक्क्यानें पडलें असतें. पण तिनें तें ढकललें नाहीं. बाहेर उभी राहून 'दादा, तूं कोण आहेस' एवढीच आठवण ती परोपरीनें देत राहिली. आंतून लावलेली ताटी आंतल्यानेंच उघडायची असते.

आठवणच कां द्यायची? श्रीगीतेच्या दुसऱ्या अध्यायांत, ६२ व्या व ६३ व्या श्लोकांत, भगवंतांनीं पडझडीच्या पायऱ्या मोजल्या आहेत. विषयाचें चिंतन, त्यांतून आसक्ति, मग काम, मग क्रोध. क्रोधापासून संमोह, संमोहानें स्मृतीचा भ्रंश, पुढें बुद्धीचा नाश आणि शेवटीं सर्वनाश. पाठशाळेंत हे श्लोक मीं घोकले होते. अर्थ त्या रात्रीं कळला. बुद्धि जाण्याआधीं आठवण जाते. समोरचा म्हातारा माणूस आहे, वारकरी आहे, हेंच मीं विसरलों होतों. तेव्हां औषध तिथेंच घालायचें. नामस्मरण म्हणजे तरी काय? स्मरणच ना! राग उसळला कीं आधीं तोंड मिटावें, जागेवरून उठावें, घोटभर पाणी प्यावें, आणि उत्तर देण्यापूर्वीं सावकाश नाम घ्यावें. जीभ एकच आहे. ती नामांत गुंतली कीं शिवी कुठून देईल? आणि दुसरा रागावला असेल तर त्याला उपदेश करूं नये, उलट उत्तरही देऊं नये. मुक्ताईसारखें दाराबाहेर थांबावें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे मी आबांच्या बिऱ्हाडीं गेलों. वांकणार, तोंच तेच माझ्या पायां पडले. म्हणाले, "बुवा, हल्लीं कानांना नीट ऐकूं येत नाहीं हो. सांगायला लाज वाटली." मीं त्यांचे पाय धरले, पण काय बोलावें सुचेना.

संध्याकाळीं आबा कीर्तनाला आले. मागें भिंतीला टेकून बसले. टाळ मात्र त्यांनीं पुन्हां गळ्यांत घातले नाहींत. क्षमा मिळाली, पण एका वाक्यानें गेलेले टाळ परत आले नाहींत.

आषाढीची पालखी पुण्यांत येते, मुक्काम होतो. पाण्याच्या नळावर, पंगतींत, झोपायच्या जागेवरून आवाज चढतात. तेव्हां एवढें करा. आपल्यांत लहानथोर एकमेकांच्या पायां पडतात, ती रीत केवळ भेटीपुरती ठेवूं नका. भांडणानंतर आधीं वापरा. ज्याचा आवाज चढला त्यानेंच पहिल्यानें वांकावें, आणि तें झोंपण्यापूर्वीं. माझ्यासारखी पहांटेची वाट पाहूं नये.

॥ रामकृष्णहरि ॥