प्रेमातील होकार आणि तीन भाटांची धडपड

कोलंबिया पिक्चर्सने 1948 साली प्रदर्शित केलेल्या आणि एडवर्ड बर्न्ड्स यांनी दिग्दर्शित केलेल्या 'स्क्वेअरहेड्स ऑफ द राउंड टेबल' या दोन रिळांच्या विनोदी चित्रपटात राजा आर्थरची कन्या इलेन हिचे सेड्रिक नावाच्या लोहारावर प्रेम आहे. राजाने मात्र तिचा विवाह 'ब्लॅक प्रिन्स'शी योजला आहे, आणि प्रेमिकांच्या मदतीला येतात ते मो, लॅरी व शेम्प हे 'थ्री स्टूजेस', म्हणजे गावोगाव गात हिंडणारे तीन धांदरट भाट. पडणे, आपटणे आणि एकमेकांना चोप देणे यांवर उभ्या असलेल्या या विनोदाला, ज्याला 'स्लॅपस्टिक' म्हणतात, तत्त्वचिंतनाशी काही कर्तव्य नाही असे सहज वाटते. तरीही ज्या मध्ययुगाची तो थट्टा करतो त्या युगाचा एक गंभीर धर्मप्रश्न त्याच्या कथेत पुरता शाबूत आहे. ज्या प्रेमात बांधीलकी आली, ते स्वेच्छेने दिलेले दान उरते काय, हा तो प्रश्न होय.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आंद्रेआस कापेलानस याने 'दे आमोरे' या लॅटिन ग्रंथात दरबारी प्रेमाचे, म्हणजे उच्चकुलीन स्त्रीच्या सेवेत स्वतःला वाहून घेणाऱ्या प्रियकराच्या आचाराचे, नियम मांडले. त्यात शाम्पेनच्या काउंटेसच्या तोंडी असा निवाडा घातला आहे की पतिपत्नींमध्ये खरे प्रेम संभवत नाही, कारण प्रेमिक एकमेकांना जे देतात ते सक्तीवाचून देतात, तर पतिपत्नी ते कर्तव्य म्हणून देतात. पॅरिसचा बिशप एतिएन तांपिए याने 1277 साली ज्या पत्राद्वारे अनेक मतांचा निषेध केला, त्यात या ग्रंथाचेही नाव आले.

चर्चच्या कायद्याने मात्र याच स्वेच्छेला विवाहाच्या मुळाशीच स्थान दिले होते. 1159 ते 1181 या काळात पोपपदी असलेल्या तिसऱ्या अलेक्झांडरच्या निर्णयांतून असे तत्त्व स्थिरावले की वधूवरांनी वर्तमानकाळी उच्चारलेला परस्परांचा स्वीकार विवाह घडवण्यास पुरेसा आहे, मग पित्याची संमती असो वा नसो. कन्येच्या विवाहावर कुळांचे तह आणि जमिनींचे व्यवहार ठरत असलेल्या समाजात हे तत्त्व विलक्षण धाडसाचे होते, आणि त्याचे मोल आज पुरेसे ओळखले जात नाही.

चित्रपटात प्रेमिकांचा निरोप ज्या रीतीने पोचतो तीही पाहण्यासारखी आहे. खिडकीखाली उभे राहून हे भाट दोनित्सेत्ती याच्या 'लुचिया दि लाम्मेरमूर' या ऑपेरातील प्रसिद्ध षट्‌गानाच्या चालीवर आपला निरोप गाऊन कळवतात, आणि भव्य शोकसंगीताची ती चाल पळून जाण्याच्या बेताला जुंपली जाते. तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ याने 1900 साली प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक ग्रंथात म्हटले आहे की सजीवावर यांत्रिकतेचा थर चढलेला दिसला की हसू येते, आणि हसताना हृदय क्षणभर बधिर झालेले असते. चिलखत घालून नाचणाऱ्या भाटांना पहिले विधान तंतोतंत लागू पडते, पण दुसरे येथे अपुरे ठरते, कारण त्यांच्या फजितीवर हसणारा प्रेक्षक त्याच वेळी इलेन आणि सेड्रिक यांचे मीलन व्हावे अशी मनापासून इच्छा करत असतो. देहाची फजिती होते, निष्ठेची होत नाही.

अखेरीस ब्लॅक प्रिन्सचा कट उघडकीस येतो आणि राजा आपल्या कन्येला सेड्रिकशी विवाह करण्याची अनुमती देतो. हा शेवट बाराव्या शतकातील धर्मशास्त्राहून अधिक भित्रा आहे, कारण तिसऱ्या अलेक्झांडरच्या निर्णयांनुसार इलेन आणि तो लोहार यांनी परस्परांचा स्वीकार उच्चारला असता, तर राजाच्या अनुमतीवाचूनही तो विवाह पूर्ण झाला असता.