राजीखुशीनं

मित्रांनो, एक बाई दवाखान्यात जाते आणि म्हणते, माझी पिशवी काढून टाका. कागदावर आधीच छापलेलं असतं, 'मी माझ्या राजीखुशीने ऑपरेशन करून घेत आहे.' खाली तिचा अंगठा, शेजारी नवऱ्याची सही. डॉक्टर पिशवी काढतो, पैसे मोजून घेतो. आता सांगा, यात गुन्हा कुणाचा? मुळात गुन्हा झाला का?

आपल्या अभ्यासवर्गात मी हे विचारलं तर पोरं एका दमात म्हणाली, 'व्यवस्थेचा.' व्यवस्था हा शब्द आपल्याला फार लवकर सापडतो, आणि तो सापडला की पुढचा विचार करायची गरज उरत नाही. म्हणून मी व्यवस्थेपासून नाही, त्या बाईपासून सुरुवात करते.

ती माझी मावसबहीण. बीड जिल्ह्यातली, ऊसतोडीवर जाणारी. मला आक्का म्हणते. लग्न पंधराव्या वर्षी, एकविसाव्यापर्यंत तीन लेकरं आणि नसबंदी, सव्विसाव्या वर्षी, म्हणजे २०१४ ला, पिशवीचं ऑपरेशन. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं, पाळीत रक्त फार जायचं. डॉक्टरनं सोनोग्राफीच्या पडद्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, ठेवली तर कॅन्सर होईल. पंधराव्या दिवशी ती फडात होती.

माझी गोष्ट वेगळी. मी मास्तरीण. २०२१ ला, एक्केचाळीसाव्या वर्षी, माझीही पिशवी काढली. गाठी होत्या, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. दोन्ही बीजकोश, म्हणजे ओव्हऱ्याही, खराब झालेल्या. त्याही काढाव्या लागतील हे मला आधी सांगितलं होतं. दोन डॉक्टरांना विचारलं, महिनाभर विचार केला, मग सही केली. दोन महिने रजा मिळाली, पगार चालू. त्या रजेत माझी सेवा करायला ही बहीण आली. उन्हाळा होता, फड बंद होते.

ऑपरेशननंतरच्या चौथ्या रात्री छातीतून जाळ निघाला आणि मानेवरून डोक्यात गेला. पंखा फिरत होता आणि मी घामानं भिजले होते. दहा मिनिटांनी थंडी वाजली. पुढं हे रात्रीत चारचार वेळा. झोप गेली. क्षुल्लक गोष्टीवरून रडू यायचं, क्षुल्लक गोष्टीवरून पोराच्या अंगावर धावून जायचे. माझ्याच अंगात दुसरी कुणी बाई राहायला आली आहे असं वाटायचं. बहीण टॉवेलनं माझी पाठ पुसत होती. पुसतापुसता थांबली.

'आक्का, हे तर मला सात वर्सं व्हायलंय. मला वाटलं, उसातली उष्णता हाय.'

तिच्या पिवळ्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर दवाखान्याचा कागद होता. पुढं ती गावाहून आली तेव्हा मी तो मागवून वाचला. इंग्रजीत लिहिलेलं, टीएएच, बीएसओ. म्हणजे पोटावर चिरा देऊन गर्भाशय आणि त्यासोबत दोन्ही बीजकोश. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. सात वर्षं तो कागद तिच्याजवळ होता आणि त्यात तिचीच गोष्ट लिहिलेली होती.

इथं थोडं शरीराबद्दल बोललं पाहिजे. हसू नका. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण बीजकोश जागेवर असतील तर ते काम करत राहतात; फार तर काही वर्षं आधी थकतात. बीजकोश काढले तर जे चाळिशीपन्नाशीत हळूहळू, काही वर्षांत व्हायचं ते एका दिवसात होतं. शरीर मावळतीकडं चालत जात नाही, त्याला ढकलून दिलं जातं. अंगातून वाफा निघतात, झोप तुटते, हाडं भराभर ठिसूळ होतात, पुढं हृदयालाही धोका वाढतो. म्हणून तरुण बाईचे चांगले बीजकोश उगाच काढू नयेत, आणि काढावेच लागले तर, स्तनाच्या कॅन्सरसारखं कारण आड येत नसेल तर, साधारण पन्नाशीपर्यंत तिला संप्रेरकं द्यावीत, असं वैद्यकशास्त्रच सांगतं. मला ती मिळाली. दोनतीन महिन्यांत मी पुन्हा मी झाले. बहिणीला कॅल्शियमची गोळीसुद्धा कुणी लिहून दिली नाही.

आणि आपल्या भाषेत या दोन्हीला एकच शब्द आहे, पिशवी. पिशवीत काय काय गेलं ते कोण विचारतो? पिशवी रिकामी झाली की फेकायची असते.

ती आणखी एक बोलली, रात्री, दिवा मालवल्यावर. नवरा जवळ आला की आत सुरी फिरल्यासारखं होतं. तो म्हणतो, तू आता बाईच राहिली न्हाईस. आतली कातडी सुकते म्हणून तसं होतं, त्याला मलम असतं, एवढी साधी गोष्ट दोघांनाही माहीत नव्हती. सात वर्षं तो तिच्यावर चिडला आणि तिनं स्वतःला दोष दिला. आपल्या मोर्चांतून 'त्यांचं मातृत्व हिरावलं' अशा घोषणा मी ऐकल्या आहेत. पण मित्रांनो, तिला चौथं लेकरू नकोच होतं. ती मातृत्वासाठी रडत नव्हती. तिची झोप गेली, कंबर गेली, हौस गेली. हे घोषणेत बसत नाही म्हणून आपण ते बघत नाही. बाईचा अवयव लेकराशिवाय कशासाठीच नसतो, असं डॉक्टर मानतो आणि आपणही तेच मानतो की काय?

आता मूळ प्रश्न. मी तिला म्हटलं, तुला फसवलं. ती चिडली. म्हणाली, 'मला कुनी दोरीनं बांधून नेलं न्हवतं. मीच म्हनले, काढा. खाडा कोन भरनार?'

मुंबईपुण्याच्या वाचकांसाठी सांगते. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती दोघांच्या अंगावर फेडायची. एकजण फडात आला नाही तर कोयता मोडला. त्याला खाडा म्हणतात, आणि तिचा मुकादम एका खाड्याला पाचशे रुपये लावायचा. पहाटेच्या अंधारात उठायचं, दिवसभर तोडायचं, तीसपस्तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. कोपीला संडास नाही, न्हाणी नाही, कापड धुवायला धड पाणी नाही. पाळीत दोन दिवस पडून राहिलं तर महिन्याला हजार, हंगामाला पाचसहा हजार. तिनं हिशेब केला. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं केलेला तो हिशेब अगदी बरोबर होता. ऑपरेशनचे पैसेही मुकादमानंच उचलीत दिले.

इथं मी अडकले, आणि अजून पुरती सुटलेले नाही. तिला पर्याय नव्हता असं म्हणावं, तर तिच्या डोक्याची किंमत मी शून्य करते. तिला मुकं जनावर करते. शतकानुशतकं आपल्याला तेच म्हटलं गेलं, की यांना स्वतःचं बरंवाईट कळत नाही. आणि तिनं निवड केली असं म्हणावं, तर डॉक्टर आणि मुकादम हात झटकून मोकळे. कागद आहेच, राजीखुशीनं.

माझं आजचं उत्तर असं. निवड तिची होती, ते मी तिच्याकडून काढून घेणार नाही. पण तिच्यापुढं मांडलेले दोन दर तिनं ठरवलेले नव्हते. पाळीचा दर पाचशे रुपये रोज, हे कुणी ठरवलं? आणि ज्या वस्तूचा सौदा झाला ती वस्तू काय आहे, हे फक्त एकाच बाजूला माहीत होतं. बाजारात गाय विकतानासुद्धा दात बघू देतात.

२८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब प्रसूतीच्या बिलावर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार बाईला विसावा मिळालाच पाहिजे, आणि तिच्या श्रमाचा फायदा ज्याला होतो त्या मालकानंही त्याचा भार उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे बाईच्या शरीराला लागणाऱ्या विसाव्याची किंमत मालकाच्या खात्यावर. फडात नेमकं उलटं आहे. विसाव्याची किंमत बाईच्या खात्यावर, दंड म्हणून. जिथं विसाव्याला दंड आहे तिथं संमतीचा कागद कोरा आहे, कितीही अंगठे असू देत.

ही एकट्या माझ्या बहिणीची गोष्ट नाही. २०१९ ला हे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी दवाखान्यांत ४,६०५ पिशव्या काढल्या, असं सरकारनं विधिमंडळात सांगितलं. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांत जवळजवळ एक. पुढं जिल्ह्यात खाजगी दवाखान्याला जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेणं भाग पडलं. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच ऑपरेशनांवर सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असं बजावलं. चांगलं झालं. पण डॉक्टरला परवानगी लागते, मुकादमाला खाडा कापायला कुणाची लागते?

आणि आपलंही एक सांगायचं राहिलं. बहीण म्हणाली, 'एक बरं झालं आक्का, इटाळ गेला.' विटाळ. ह्या शब्दाचा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर आपल्या माणसांनी तोच शब्द ओंजळीनं पिऊन टाकला. आणि त्याच माणसांच्या नातवंडांच्या घरात सून चार दिवस कोपऱ्यात बसते, तिच्या हातचं पाणी चालत नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. ज्या घरात रक्ताला विटाळ म्हणतात त्या घरातल्या बाईला तो अवयव कापून टाकणं सुटका वाटणारच. डॉक्टरचं अर्धं काम आपण आधीच करून ठेवलेलं असतं. अभ्यासवर्गातल्या पोरांनी आज घरी जाऊन आईला एवढंच विचारावं, तुझी पाळी कशी गेली? बघू किती जणांची जीभ उचलते.

बहिणीला मी जिल्ह्याच्या गावी नेलं. उशीर झाला होता तरी डॉक्टरीणबाईंनी तपासून गोळ्या सुरू केल्या, मलम दिलं. झोप लागायला लागली. पाठीचा एक मणका दबला आहे, तो आता तसाच राहणार.

परवा तिचा फोन आला. थोरली लेक एकवीस वर्षांची, यंदा जावयाबरोबर कोयत्यावर गेली आहे. तिलाही पांढरं जातंय, पोट दुखतंय. जावई म्हणतो, एकदाची पिशवी काढून टाकू. बहिणीनं विचारलं, 'आक्का, काय सांगू तिला?' मी म्हटलं, आधी तिला घेऊन ये. जंतूंचं दुखणं असेल, औषधानं जातं. दोन पोतराज एका सुरात बोलले तरी कापायचं नाही. ती म्हणाली, 'यायला जायला तीन खाडं पडतेल.' मी म्हटलं, पंधराशे मी देते. ती गप्प झाली. मग म्हणाली, 'ह्या महिन्याचे देशील. फुडल्या महिन्याचे?'