हाती घेतलेला जीव

गेल्या पावसाळ्यात घरभेटीच्या निमित्ताने आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबात गेलो होतो. दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची पेटी होती आणि तीत केशरी अंगावर पांढरे पट्टे ल्यालेली क्लाऊनफिशची जोडी विहरत होती. गृहस्थांनी हौसेने तिची वीण करून पाहिली होती. अंडी चिकटलेले कौल उचलून त्यांनी वेगळ्या पेटीत ठेवले, शे-दोनशे पिल्ले बाहेर आली. परंतु चौथ्या दिवशी नात्यातले लग्न निघाले, घर दोन दिवस बंद राहिले आणि परत येऊन पाहतात तो एकही पिल्लू जिवंत नव्हते. हे सांगून होताच त्यांच्या लहान मुलीने मला विचारले, "फादर, ह्याचे पाप कोणाला लागले?"

मी हसून म्हणालो, "अगं, मासेच ते. समुद्रात तर असे हजारो मरतात." सारे हसले, ती मात्र हसली नाही. रात्री माझे उत्तर मलाच पटेना. कारण ते खरे असूनही अपुरे होते.

समुद्रात काय घडते ते पाहू. क्लाऊनफिशची मादी समुद्रफुलाच्या आश्रयाला, एखाद्या खडकावर शेकडो अंडी घालते. त्यांची राखण मुख्यतः नर करतो. परांनी वारा घालावा तसे तो त्यांच्यावर पाणी खेळवतो, खराब झालेली अंडी तोंडाने वेचून काढतो. सुमारे आठवड्याभराने, अंधार पडल्यावर, अंडी फुटतात आणि तेथेच त्याचे पितृत्व संपते. २००३ सालच्या 'फाइंडिंग निमो' ह्या चित्रपटातील बाप मुलासाठी सारा सागर पालथा घालतो. खरा बाप आपल्या पिल्लाला ओळखतही नाही. पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जातात, दहा-बारा दिवस तरंगत्या सूक्ष्म जीवांवर जगतात. बहुतेक कोणाच्या तरी तोंडी पडतात, थोडी नव्या समुद्रफुलापर्यंत पोहोचतात. ह्यात त्या नराचा दोष नाही. तो पिल्लांना सोडतो ते ताट वाढून ठेवलेल्या घरात सोडतो.

काचेच्या पेटीत हे ताट नसते. तेथे पिल्लांना प्रथम रोटिफर नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव पुरवावे लागतात. त्या रोटिफरांना जगवण्यासाठी हिरवे शेवाळ वाढवावे लागते. मग काही दिवसांनी आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिल्ले द्यावी लागतात. ह्या काळात दोन दिवसांचा खंड म्हणजे मृत्यूच. म्हणून समुद्रातले मरण आणि पेटीतले मरण ही वरकरणी एकच घटना वाटली तरी नीतीच्या दृष्टीने एक नव्हे. तेथे पिल्लू आपले अन्न शोधताना मरते; येथे ते देणारा घरी नव्हता म्हणून मरते. समुद्राने उचललेला भार आपण समुद्राकडून काढून घेतला, तर तो कोठे नाहीसा होत नाही. तो आपल्या खांद्यावर येतो.

मग अशी वीण करणेच चूक आहे काय? मला तसे वाटत नाही. शौकिनांसाठी प्रवाळांतून मासे पकडताना फिलिपिन्स, इंडोनेशियात सायनाइडसारखे विष वापरले गेले आहे. उलट, घरात वाढवलेला मासा प्रवाळातील एक मासा वाचवू शकतो. तामिळनाडूत मंडपम येथे केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचे तंत्र सिद्ध केले, ते किनाऱ्यावरील माणसांना रोजगारही देऊ शकते. मात्र चांगला हेतू हलगर्जीपणाचे पांघरूण होऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. प्रत्येक अंडे वाढवायलाच हवे काय? जमलेली जोडी दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा अंडी घालते, तेही वर्षानुवर्षे. इतकी पिल्ले कोण पोसणार? अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही नसते, हे नीतिशास्त्राचे जुने सूत्र आम्ही सेमिनरीत शिकलो. मोठ्या पेटीत राहिलेली पिल्ले इतर माशांच्या पोटात गेली, तर तो निसर्गाचाच हिशेब. परंतु कौल उचलले त्या क्षणी आपण म्हटले, "ही माझी." कर्तव्य तेथून सुरू होते.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी प्राण्यांशी क्रूर होऊ नये ह्याचे कारण मुख्यतः माणसात शोधले: तेथे निर्दय झालेला हात पुढे माणसावरही निर्दय होतो. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पुढचे पाऊल टाकले: प्रत्येक जीवाला, आपल्याला असलेल्या उपयोगापलीकडे, स्वतःचे मोल आहे. तर १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने प्राण्यांवर दया करण्यास सांगतानाच, माणसाच्या गरजेसाठी आधी खर्चायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळू नये, असेही बजावले आहे. पेटी, दिवे, पंप ह्यांवर हजारो रुपये खर्चणाऱ्याने शेजारच्या घरी चूल पेटली की नाही, हेही पाहावे. दोन्ही शिकवणी एकत्रच ऐकायच्या असतात.

महिन्याभराने मी पुन्हा त्या घरी गेलो. मुलीला म्हणालो, "बाळ, त्या दिवशी मी घाईने बोललो. माशाला माणूस समजायचे कारण नाही. पण हाती घेतलेला जीव विसरणे ही चूकच होती, आणि ती हसण्यावारी नेणे ही माझी चूक." तिचे वडील क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, काल पुन्हा अंडी घातली आहेत. पण पोरांच्या परीक्षा आहेत, मला कामावर जादा पाळी आहे. ह्या वेळी कौल उचलायचे नाही, असे आम्ही सर्वांनी ठरवले."

पेटीत नर त्या कौलापाशी आपले पर हलवीत होता. आम्ही सारे थोडा वेळ ते पाहत उभे राहिलो.