मुका मार

पहिल्या दिवाळसणाला लेक माहेरी येते. जावई बाहेर सासऱ्यांशी राजकारणावर बोलत बसलेला असतो आणि आत करंज्यांच्या कडा कातता कातता आई हळूच विचारते, “मारत-बिरत नाही ना गं?” लेक मान हलवते. आईचा जीव भांड्यात पडतो, झारा पुन्हा कढईत.

या प्रश्नात माया आहे, नाही असं नाही. पण ही चाळण फार मोठ्या भोकांची आहे. गालावर वळ असेल तर तेवढा वर राहतो, बाकीचं सगळं खाली गळून जातं. पगाराचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असणं, रोज रात्री मोबाइल तपासला जाणं, पाहुण्यांसमोर “हिला काय कळतंय” म्हणून हशा पिकवणं, माहेरी जायचं नाव काढलं की घरात सुतक उतरणं. यातलं काहीच “मारतो का?” या प्रश्नाच्या उत्तरात येत नाही.

गंमत म्हणजे न दिसणाऱ्या दुखापतीसाठी मराठीत घरगुती शब्द आहे: मुका मार. रक्त येत नाही, कातडी फाटत नाही, पण आत ठणकत राहतं. पोरगं झाडावरून पडलं की आजी म्हणायची, मुका मार आहे, जपा. हाडामासाच्या बाबतीत एवढं शहाणपण असलेली आपली माणसं संसाराच्या बाबतीत मात्र वळ दाखव म्हणतात.

शब्द नव्हते म्हणून कळलं नाही, ही सबबही चालणार नाही. टोमणा, पाणउतारा, टाकून बोलणं, घालूनपाडून बोलणं, जाच, सासुरवास: एकेका छटेला वेगळा शब्द आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकारानं गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत सासुरवासाचा विषय पुन्हा पुन्हा येतो. माणसांना सांगता येत नव्हतं ते बायांनी दगडाला सांगितलं. आणि अबोला? तो शब्द तर आपण पार लाडाचा करून ठेवलाय. भावगीतातला अबोला रुसव्याचा असतो, गजऱ्यानं सुटतो. घरातला अबोला कधी कधी तीन आठवडे चालतो. “आईला सांग, मला जेवायचं नाही,” असे निरोप सहा वर्षांचं पोर या खोलीतून त्या खोलीत नेतं, आणि आपण काय चुकलो हे ती बाई दिवसभर आठवत राहते. चूक सापडली नाही की ती स्वतःच एखादी शोधून काढते आणि माफी मागते. ओरडणाऱ्या माणसाला निदान शेजारी नावं ठेवतात. न बोलणाऱ्याला ‘शांत स्वभावाचा’ म्हणतात.

2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 18 ते 49 वयाच्या विवाहित, विधवा, घटस्फोटित, विभक्त अशा सगळ्या स्त्रियांपैकी 28 टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक हिंसा झाल्याचं सांगितलं. भावनिक हिंसा सांगणाऱ्या मात्र 14 टक्के. निम्म्या! मारणारा नवरा मारताना तोंड मिटून घेतो की काय? चारचौघांत अपमान केला का, तुम्हाला किंवा तुमच्या जवळच्यांना इजा करायची धमकी दिली का, मन दुखावेल असं बोलला का, असे साधे प्रश्न होते. मला वाटतं, बायकांनी थपडा मोजल्या आणि शब्द सोडून दिले. “ते काय, चालायचंच.” शब्द मोजायचे असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

1982 साली पुण्यात मंजुश्री सारडा ही तरुणी लग्नानंतर चार महिन्यांत गेली. बहिणीला आणि मैत्रिणीला तिनं लिहिलेली पत्रं खटल्यात पुरावा म्हणून आली. सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्ये पतीला निर्दोष सोडलं. न्यायालयापुढचा प्रश्न खुनाचा होता, आणि पत्रांतून दिसत होती ती खिन्नता. तिनं स्वतःच जीव दिला असण्याची शक्यता न्यायालयाला नाकारता आली नाही. त्या निकालाशी मला इथं वाद घालायचा नाही. पुण्यातल्या नारी समता मंचानं ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन मांडलं तेव्हा बायांनी ते स्वतःचं मानलं, ते या पत्रांच्या जातीच्या अनुभवामुळे, असं मला वाटतं. अशी पत्रं आजही येतात, आता व्हॉट्सअ‍ॅपवर, रात्री उशिरा, आणि सकाळी पुसलेली असतात.

कायदा, खरं तर, आपल्या पुढे गेला. 1983 च्या 498-अ कलमात मानसिक आरोग्याला धोका पोचवणारं वर्तनही क्रौर्य ठरलं. 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तर शाब्दिक आणि भावनिक छळाचा वेगळा उल्लेख आहे: अपमान, हेटाळणी, नावं ठेवणं, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोचणं. पैशाची कोंडी हाही त्यात वेगळा प्रकार आहे. छळ करणारी सासू असली तरी तीही कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 च्या निकालात स्पष्ट केलं.

या कायद्याचं चौथं कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. हिंसा होते आहे असं वाटलं तर कुणीही, अगदी शेजारच्या काकूही, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतात. सद्हेतूनं कळवलं तर त्यांच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. “आपण कशाला मध्ये पडा” या आपल्या आवडत्या वाक्याला संसदेनं दिलेलं हे उत्तर आहे. 2008 मध्ये ‘बेल बजाओ’ ही मोहीम निघाली होती: शेजारी मारहाण ऐकू आली तर नुसती घंटी वाजवा. कल्पना सुरेख होती. पण ती आवाजावर उभी होती. मुक्या माराला आवाज नसतो. तिथं घंटी कधी वाजवायची?

तिथं शेजाऱ्याचं काम वेगळं आहे आणि कंटाळवाणं आहे. भिशीला येणं बंद झालेल्या बाईकडे पुन्हा पुन्हा जायचं. “हल्ली दिसत नाहीस” म्हणून सोडून न देता, कुणी येऊ देत नाही का, हे ती एकटी असताना विचारायचं. बचत गटाचे पैसे कोण ठेवतं, हे विचारायचं. तिनं सांगितलेलं नवऱ्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, आणि “मग सोडून का देत नाहीस” हे तर मुळीच म्हणायचं नाही. महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये ठेवू नये, तो मोबाइल तपासला जातो; तोंडपाठ करून घ्यावा.

संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरतात तो छापील नमुना मी पाहिला आहे. चारित्र्यावर संशय, हुंड्यावरून अपमान, नोकरी करू न देणं, घराबाहेर जाऊ न देणं, अशा एकेका ओळीवर खूण करायची असते. यादीच्या शेवटी ‘इतर’ असं लिहून थोडी जागा मोकळी ठेवलेली आहे. दिवाळसणाला आलेल्या त्या लेकीला कुणी तिथं काय लिहू म्हणून विचारलं, तर ती बहुतेक म्हणेल, “तसं विशेष काही नाही, पण...” आणि तेवढ्यात बाहेरून हाक येईल, “अगं, चहा टाकलास का?”