दिसलं म्हणजे कळलं?

भाची एका मराठी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर काम करते, राहते उल्हासनगरला. मामा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेला, घर बदलापूर पूर्वेला. ही बोलाचाली फेब्रुवारी 2025 मधली. विषय आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचा. दोघंही एकमेकांचं ऐकून घेत नाहीत, म्हणून थोडी छाटून देतो आहे.

भाची : मामा, पोलिसांच्या गाडीत मारल्या गेलेल्या त्या आरोपीच्या आई-वडिलांनी उच्च न्यायालयाला सांगितलंय, आम्हाला पुढे लढायचं नाही. आता मी काय करू? दोन ओळींत उरकू की त्यांची बाजू नीट दाखवू? नीट दाखवली तर त्या मुलींच्या घरातही टीव्ही असतो. नाही दाखवली, तर निकाल मीच दिल्यासारखं होतं.

मामा : तो तुम्ही ऑगस्टमध्येच दिलात की.

भाची : आम्ही बोंब मारली नसती तर? चार-चार वर्षांच्या मुली. गुन्हा नोंदवायला 16 ऑगस्टची रात्र झाली. आई पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळली. 20 तारखेला लोक रुळांवर बसले, कॅमेरे आले, मग विशेष तपास पथक आलं, पोलीस निलंबित झाले. शांत राहिलो असतो तर काय मिळालं असतं, सांग.

मामा : काही नाही. ते मी मान्यच करतो. माझी तक्रार तुम्ही ओरडलात ही नाही. ओरडणं थांबल्यावर काय उरलं, ही आहे.

भाची : म्हणजे?

मामा : 20 तारखेला मी स्टेशनच्या पुलावर उभा होतो. सकाळी साडेआठच्या सुमारापासून संध्याकाळपर्यंत गाडी नाही. रुळांवर आमच्या इमारतीतल्या बायका होत्या, रोजच्या लोकलला लटकणारी पोरं होती. रात्री घरी टीव्ही लावला तर दगडफेक आणि लाठीमार, पुन्हा तेच, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे मुख्यमंत्री शिंदे म्हणाले, आंदोलक बाहेरून आणलेले होते, स्थानिक हाताच्या बोटावर मोजण्याइतके. 'लाडकी बहीण' योजनेचे छापील फलक कुठून आले, असंही विचारलं त्यांनी. मला हसू आलं. माझ्या शेजारणी बाहेरच्या?

भाची : पण मामा, तूही पुलावरून जेवढं दिसलं तेवढंच पाहिलंस. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं, फलक कोणी वाटले, तुला ठाऊक आहे?

मामा : नाही.

भाची : मग तुझा पूल आणि आमचा कॅमेरा यात फरक काय?

मामा : मी पुलावर उभा होतो, हे मी लपवत नाही. कॅमेरा कुठे उभा आहे ते तुम्ही सांगत नाही. आणि माझं पाहणं माझ्या घरात राहतं, तुमचं लाखो घरांत जातं.

(इथे मामाची बाजू मला जड वाटली. पण भाचीचं पुढचं म्हणणं त्याहून अवघड आहे.)

भाची : ठीक. आता दुसरी गोष्ट घे. 2 फेब्रुवारी 2024, उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं. आमदार गणपत गायकवाड यांनी वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात त्यांचे राजकीय प्रतिस्पर्धी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सीसीटीव्हीचं चित्रण महाराष्ट्रभर फिरलं. वृत्तवाहिनीला फोनवरून त्यांनी कबुलीही दिली. याहून उघड चित्र कुठलं? तरी नोव्हेंबरमध्ये कल्याण पूर्वेतून गणपत गायकवाड यांच्या पत्नी निवडून आल्या. पडदा माणसांची मनं घडवतो म्हणतोस, इथे का घडली नाहीत?

मामा : घडली नाहीत असं कसं? लोकांनी आपापल्या बाजूने पाहिलं. कोणी म्हणालं, गुंडगिरी. कोणी म्हणालं, गणपत यांच्या मुलाला धक्काबुक्की झाली, बापाने काय करायचं? भांडण जमिनीचं, राजकारणाचं, वर्षानुवर्षांचं. त्या चित्रणात आवाजही नव्हता.

भाची : तिथे चित्रण होतं आणि लोकांनी दोन अर्थ लावले. बदलापूरच्या शाळेत मात्र पंधरा दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण गायब असल्याचं खुद्द तेव्हाचे शिक्षणमंत्री केसरकर म्हणाले. तिथे कोणीच काही पाहिलं नाही, आणि लोकांना शंकाच उरली नाही. हे मला उलगडत नाही.

मामा : मला उलगडतं थोडं. चित्र समोर असलं की माणूस त्यात खोट काढतो. चित्र नसलं की ते मनात तयार करतो, आणि स्वतःच्या मनातल्या चित्राची उलटतपासणी कोणी करत नाही. तुम्ही त्याला सामान पुरवता: तोच फोटो, तेच विशेषण, खाली पट्टी.

भाची : म्हणून 23 सप्टेंबरला मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत तो आरोपी मारला गेला तेव्हा पेढे वाटले गेले. मुंबईत 'बदला पूरा'चे फलक लागले.

मामा : आणि पुरायला जागा मिळेना. बदलापूर नको म्हणालं, अंबरनाथ नको म्हणालं. 29 तारखेला उल्हासनगरच्या शांतीनगरमध्ये खणलेला खड्डाही लोकांनी बुजवला. अखेर बंदोबस्तात उरकलं. तीन शहरांनी मिळून एका माणसाविषयी पक्का निर्णय घेतला होता. न्यायालयाने अजून घेतला नव्हता.

भाची : मामा, त्याने केलंच असेल तर?

मामा : असेलही. मला नाही वाटत तो साधासुधा होता. पण 'असेल' आणि 'आहे' यांच्यामध्ये खटला असतो. साक्षी, उलटतपासणी, वैद्यकीय पुरावे. शाळेने काय लपवलं, पोलिसांनी का टाळलं, तेही त्यातूनच बाहेर आलं असतं. मुलींच्या आईवडिलांनाही तो हक्क होता. जानेवारीत मॅजिस्ट्रेटच्या अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं. ती बातमी तुमच्याकडे किती वेळ चालली?

भाची : संध्याकाळपर्यंत.

मामा : ऑगस्टची किती दिवस?

भाची : लोकांनीच पाहणं सोडलं, मामा. आमच्याकडे दर मिनिटाचे आकडे येतात. पेढ्यांच्या दृश्यावर लोक थांबतात, अहवालावर बटण दाबतात. तूही दाबतोस.

मामा : दाबतो. म्हणून तर म्हणतो, एकट्या तुमच्या माथी मारून चालणार नाही. पण आई-वडिलांची बातमी दोन ओळींत उरकू नकोस. रडणं दाखवू नकोस, पार्श्वसंगीत लावू नकोस. त्यांनी न्यायालयात काय मागितलं होतं, अहवाल काय म्हणतो, ते का थांबतायत, एवढं सांग. मुलींच्या घरच्यांना त्रास होईल, पण अर्ध्या माहितीचा त्रास जास्त काळ पुरतो.

भाची : बुलेटिन प्रमुख म्हणतील, एवढा वेळ नाही.

मामा : मग तेवढाच वेळ माग, आणि नाही मिळाला तर निदान तुझ्या डेस्कवर कोणाच्या तरी वहीत लिहून ठेव की मागितला होता.

बातमी गेली. छोटीशी, पण अहवालाच्या उल्लेखासकट. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. त्या माणसाने गुन्हा केला की नाही, यावर न्यायालयाचा निकाल आता लागणार नाही.