माग मावेल असे घर

येवल्याच्या जुन्या गल्ल्यांतल्या पैठणी विणकराच्या घरी पुढच्या खोलीतच माग असतो. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसलेला विणकर, समोर रेशमाचा ताणा, भिंतीशी रहाटावर कांड्या भरणारी घरातली बाई. चूल, अंथरुणे, मुलांचा अभ्यास हे सगळे उरलेल्या जागेत. मुलाचे लग्न ठरले की पहिला पेच जागेचा पडतो. नवे जोडपे निजणार कुठे, आणि माग हलवायचा तर कुठे? या कुटुंबाला कोणी बेघर म्हणणार नाही. तरीही शहरांतल्या घरटंचाईचा फार मोठा वाटा अशाच घरांचा आहे. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने 2012 साली देशातली शहरी घरटंचाई सुमारे 1 कोटी 88 लाख घरांची काढली. त्यात उघड्यावर राहणारी कुटुंबे सुमारे 5 लाख 30 हजार होती. दाटीवाटीने राहणारी जवळपास 1 कोटी 50 लाख. आणि 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांत 1 कोटी 10 लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. घरे बांधली जात होतीच, पण ज्यांना हवी त्यांच्या ऐपतीत आणि त्यांच्या कामाच्या जागी नाही.

गरिबाचे घर हा प्रश्न सरकारने प्रत्येक काळात वेगळ्या नजरेने पाहिला. मुंबईतल्या 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हा तो रोगाचा प्रश्न होता: हवा, उजेड, गटारे. 1947 च्या भाडे कायद्याने तो भाडेकरूच्या संरक्षणाचा झाला, 1971 च्या कायद्याने झोपडपट्टीच्या सुधारणेचा नि निर्मूलनाचा. विचाराने खरी झेप घेतली ती 1985 साली. मुंबईतल्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की पदपथावर राहणारा माणूस तिथे राहतो कारण त्याचे काम जवळ आहे. त्याला उठवले की त्याची रोजीरोटी जाते, आणि रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला, त्यामुळे पदपथावरच्या झोपड्यांना अभय मिळाले नाही. पण घर आणि काम यांची गाठ इतक्या स्वच्छ शब्दांत मांडली गेली, ही मोठी मिळकत होती. पुढच्या योजनांनी ती हातची घालवली, असे माझे मत आहे. 1995 च्या झोपडीधारकांना मोफत घरांच्या धोरणापासून 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेपर्यंत घर म्हणजे चटईक्षेत्र. 2015 च्या योजनेत दुर्बल घटकासाठी 30 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 323 चौरस फूट. तेवढ्यात माणसे कशीबशी मावतील, माग मावणार नाही. आणि तिसऱ्या मजल्यावर जमिनीत खड्डा खणता येत नाही. सोलापूरजवळ रे नगरमध्ये जानेवारी 2024 मध्ये असंघटित कामगारांना, त्यांत विडी वळणाऱ्यांनाही, 15 हजार घरे मिळाली, ही खरोखर अभिमानाची गोष्ट. पण विडी मांडीवरच्या सुपात वळता येते. पैठणीला जमीन लागते.

यावर कोणी म्हणेल, ज्याच्या डोक्यावर छप्परच नाही त्याला आधी द्या. ते मान्यच आहे. मात्र शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा निकष दर 1 लाख वस्तीमागे 100 जणांची सोय असा आहे, आणि 2011 च्या जनगणनेत सुमारे 50 हजार वस्तीचे येवला त्या हिशेबात नीट बसतही नाही. शिवाय दाटीच्या घरातून बाहेर पडलेला धाकटा भाऊ भाड्याच्या खोलीत जातो, आणि काम थांबले, भाडे थकले की त्याला पुढची पायरी उरत नाही. या दोन टंचाया वेगळ्या नाहीत. दुसरा आक्षेप असा की राहत्या घरात धंदा नको: आवाज, आग, प्रदूषण. यंत्रमागाबाबत तो रास्त आहे. हातमागाला वीज लागत नाही, धूर होत नाही. आवाज होतो तो शेजाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला. जागेची टंचाई आहे, उंच बांधावेच लागेल, हे मुंबईत खरे असेल. येवल्याएवढ्या गावात तळमजला अजून परवडू शकतो, आजच तसा आराखडा केला तर.

खरी अडचण कागदाची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घरकुल बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा 1 लाख मिळतो, पण जागा नावावर हवी. जुन्या घराच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव, खाली चार-पाच वारस, त्यांतला एखादा नाशिकला किंवा मुंबईला. वाटणी झालेली नाही, संमती मिळत नाही. भाड्याच्या खोलीत माग टाकणाऱ्याचा तर अर्जच पुढे सरकत नाही. विणकरांच्या मागाच्या शेडसाठी वस्त्रोद्योग खात्याची मदत असते, ती वेगळ्या दारी मागावी लागते. राहण्याचे पैसे एका खात्याकडे, विणण्याचे दुसऱ्या खात्याकडे, आणि माणूस एकाच खोलीत दोन्ही करतो. नगरपालिकेने वारसांपैकी प्रत्यक्ष राहणाऱ्याचा भोगवटा ग्राह्य धरावा, दोन्ही मदती एकाच अर्जावर द्याव्यात, आणि मागाची जागा 30 चौरस मीटरच्या बाहेर मोजावी. त्यासाठी केंद्राला आणि राज्याला नियम बदलावे लागतील. कोणत्या घरात किती माग आणि किती माणसे याची मोजणी मात्र नगरपालिका आधीच सुरू करू शकते.