वारसा आणि त्यावरचा बोजा

जुने गोवे पाहून एका दिवसात परत यायचे, तर आचऱ्याहून काळोखातच निघावे लागते. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांनी ही सहल काढली, तेव्हा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर दहा वर्षांनी होणारे प्रदर्शन ५ जानेवारी २०२५ रोजी संपून गर्दी ओसरली होती. म्हातारी माणसे, आयाबाया, धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले अशी भरगच्च बस जपमाळेची प्रार्थना करीत कुडाळ, सावंतवाडी, बांदा मागे टाकून पत्रादेवीला पोचली, तेव्हा उजाडले होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निघालेले सत्याग्रही येथे पोर्तुगीज गोळ्यांना बळी पडले. त्यांचे स्मारक रस्त्यालगत आहे. आमची बस तेथे थांबली नाही. कार्यक्रमात ते नव्हते.

जुन्या गोव्यात एक वाटाड्या आमच्याबरोबर आला. माणूस सज्जन, बोलण्यात चतुर. १५१० साली संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी आल्बुकेर्कने हे शहर जिंकले. कॅथेड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये पुरे झाले, आणि त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. बॉम जेझूचा पाया १५९४ मध्ये घातला गेला आणि १६०५ मध्ये त्याचे अभिषेचन झाले. तेथील संगमरवरी समाधी-चौथरा फ्लॉरेन्सच्या राजघराण्याने पाठवला आणि चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. हे सारे त्याने न अडखळता सांगितले. बॉम जेझूच्या बाहेर आल्यावर आमच्यातील एका आजीने उघड्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हटले, "फादर, ह्यो तर आमचोच चिरो!" खरेच होते. गेल्या शतकात गिलावा काढून टाकल्यापासून त्या महामंदिराचा जांभा दगड उघडा आहे, आणि आमच्या घरांच्या भिंतीही त्याच दगडाच्या आहेत.

दुपार होत आली तेव्हा आम्ही व्हाइसरॉयच्या कमानीखालून मांडवीच्या धक्क्यावर उतरलो. समोर दिवाड बेट होते. फेरीबोट माणसे घेऊन येत-जात होती. नवे व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात प्रवेश करीत, असे वाटाड्या सांगत होता. तेवढ्यात सातवीत शिकणाऱ्या एका मुलाने माझी बाही ओढली आणि हळूच विचारले, "फादर, आमच्या वाडवडलांका जबरदस्तीन बाटयल्यानी, असा शाळेत पोरां म्हणतत. ह्यां खरां काय?"

मी त्याला म्हणालो, "आता जेवणाची वेळ झाली, बसमध्ये सांगतो." बसमध्ये गाणी झाली, मुले झोपली, मीही डोळे मिटून घेतले. त्याने पुन्हा विचारले नाही. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, इतकी वर्षे प्रवचने दिली. पण एका मुलाच्या सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देण्याचे धैर्य त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. मुलाला ते मी नंतर तोंडी दिले. परंतु हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा येतो, म्हणून येथे लिहितो.

प्रथम जे घडले ते मान्य करू या. समोर दिसणाऱ्या त्या दिवाड बेटावर कदंब राजांचे आराध्य दैवत सप्तकोटेश्वराचे स्थान होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात ते उद्ध्वस्त झाले. भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूस नार्वे येथे नेले आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. तिसवाडी, बारदेश, साष्टी या भागांतील देवळे पाडली गेली, पुरोहितांना हद्दपार केले गेले, अनाथ हिंदू मुलांना नातलगांकडून काढून बाप्तिस्मा देण्याचे हुकूम निघाले, सरकारी हुद्दे ख्रिस्ती लोकांसाठी राखले गेले. १५६० मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मचौकशीचे न्यायालय बसले. मधली काही वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. त्याचा जाच मुख्यत्वे बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच, म्हणजे आपल्याच लोकांना, झाला. १६८४ मध्ये तर लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे, असाही हुकूम निघाला.

आणि आपला 'गोंयचो सायब'? १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात संत फ्रान्सिस झेवियर यांनी गोव्यात इन्क्विझिशन बसवावे अशी विनंती केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी ते बसले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लोभावर कठोर शब्दांत कोरडे ओढणारी पत्रेही त्याच संताची आहेत. संत म्हणजे न चुकणारा माणूस नव्हे, हे आपण वेदीवरून सांगतो. मग ते ऐकून घेण्याचीही आपली तयारी हवी.

त्या दिवशी आम्ही संत ऑगस्टिनच्या चर्चचे भग्नावशेषही पाहिले. एक उंच, अर्धा तुटलेला मनोरा तेवढा उभा आहे. त्याच्या पायथ्याशी मला सेमिनरीतला एक पाठ आठवला. ऑगस्टिन प्रारंभी म्हणत असत की कोणालाही बळाने श्रद्धेकडे आणू नये. पुढे उत्तर आफ्रिकेतील डोनाटिस्ट फुटीरांच्या वादात त्यांचे मत पालटले. मेजवानीच्या दाखल्यात धनी आपल्या दासाला वाटेवरच्या लोकांना आग्रहाने आत आणायला सांगतो. त्या आग्रहाचा अर्थ त्यांनी सक्ती असा लावला. एका थोर संताच्या या एका अर्थाचा आधार पुढे शतकानुशतके घेतला गेला. संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र स्पष्ट सांगितले की श्रद्धा ही इच्छेची कृती आहे, म्हणून ज्यांनी ती कधी स्वीकारलीच नाही त्यांना तिची सक्ती करता येत नाही. अखेर ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. चुकीचा अर्थ सुधारायला ख्रिस्तसभेला फार, फार वेळ लागला.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: होय, जबरदस्ती झाली. प्रत्येकाच्या मानेवर तलवार ठेवली गेली असे नव्हे. कित्येकदा कायद्याने इतर वाटा बंद करून एकच मोकळी ठेवली गेली. कोणी हुद्द्यासाठी आले, कोणी जमीन राखण्यासाठी, कोणी भीतीने आणि कोणी ख्रिस्ताच्या खऱ्या ओढीने. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसांची अंतःकरणे उघडून पाहण्याचा अधिकार ना आपल्याला आहे, ना आपल्याला हिणवणाऱ्यांना.

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तोच खरा नैतिक प्रश्न आहे. ज्या हातांनी देणगी दिली ते हात मलिन असतील, तर देणगीचे काय करावे? तिच्याबद्दल कृतज्ञ राहावे की लाज बाळगावी?

आपल्या भागातील माणसाला हे सातबाऱ्याच्या भाषेत चटकन समजेल. बापाच्या पश्चात जमीन मुलाच्या नावे होते, तेव्हा उताऱ्यावरील 'इतर हक्क' या रकान्यातला बोजाही तिच्याबरोबर येतो. मुलगा म्हणू शकत नाही की माड माझे, हापूसची कलमे माझी, पण सोसायटीचे कर्ज बाबांनी काढले, त्याच्याशी माझा संबंध नाही. तसेच शेजाऱ्यालाही म्हणता येत नाही की तुझ्या बापाने कर्ज काढले, म्हणून तू लबाड आहेस. गुन्हा आणि दायित्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. यहेज्केल संदेष्ट्याने आंबट द्राक्षांची जुनी म्हण मोडीत काढून निक्षून सांगितले की बापाच्या पापासाठी मुलाला दोषी धरू नये. आणि तरीही नहेम्याने प्रार्थना केली, तेव्हा पूर्वजांची पापे त्याने आपली म्हणून कबूल केली. यात विसंगती नाही. दोष वारशाने येत नाही. पण ज्याला वारसा हवा, त्याला त्यावरचा बोजाही वाचावा लागतो. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोम येथे ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या गतकालीन पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली, तेव्हा त्यांनी स्वतः ती पापे केली होती म्हणून नव्हे, तर ते त्या घराचे वारस होते म्हणून.

वारशाच्या बाबतीत मला दोन प्रकारचे वाटाडे भेटले आहेत. एक फक्त वैभव दाखवतो: सोन्याने मढवलेली वेदी, चांदीची पेटी, मोठी घंटा. दुसरा फक्त क्रौर्य दाखवतो आणि आपल्याला म्हणतो, तुम्ही त्या क्रौर्याची पैदास. दोघेही उताऱ्याचे अर्धे पानच वाचतात. संत मत्तय मात्र वेगळा वाटाडा आहे. त्याच्या शुभवर्तमानाचे पहिले पान म्हणजे प्रभू येशूची वंशावळ. कोणी आपल्या कुळाची थोरवी सांगताना लाजिरवाणी नावे गाळली असती. मत्तयने तामार घातली, राहाब घातली आणि दावीद राजाचे पाप कोणी विसरू नये म्हणून उरियाच्या पत्नीचा उल्लेखही घातला. तारणाऱ्याचा वारसासुद्धा बोजाविना आला नाही, आणि पवित्र शास्त्राने तो लपवला नाही. याउलट संदेष्ट्यांची थडगी सजवून 'आम्ही त्या काळी असतो तर असे केले नसते' असे म्हणणाऱ्यांना प्रभूने किती कठोरपणे फटकारले, हे आपण जाणतोच.

आता आपल्या वारशाचे उरलेले अर्धे पान वाचू या. याच गोव्यात १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स आले. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या माणसाने येथील लोकांची भाषा शिकून ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ मध्ये ते राचोल येथे छापले गेले. राज्यकर्त्यांनी लोकांच्या बोलीवर हुकूम काढला. त्याआधीच एका धर्मगुरूने लोकांच्या भाषेपुढे शिष्यत्व पत्करले होते. याच गोव्यात १६५१ साली बाणावलीला संत जोसेफ वाझ जन्मले. डचांनी सिलोनमध्ये कॅथलिक धर्मावर बंदी घातली होती, तेव्हा १६८७ मध्ये ते मजुराच्या वेशात तेथे गेले. त्यांच्यामागे आरमार नव्हते, व्हाइसरॉय नव्हता. कँडीच्या बौद्ध राजाने त्यांना आधी कैदेत टाकले, पुढे आश्रय दिला. देवीच्या साथीत त्यांनी सर्व धर्मांच्या रोग्यांची शुश्रूषा केली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद बहाल केले. सत्तेच्या हातून आलेली देणगी कशी निर्मळ करून पुढे द्यावी, हे गोव्याच्याच एका सुपुत्राने दाखवून दिले.

आणि सर्वांत जवळची साक्ष आपलीच आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इन्क्विझिशन, कर, लढाया आणि रोगराई यांना कंटाळून गोव्यातली कितीतरी कुटुंबे सीमा ओलांडून सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणच्या बाजूस आली. येथे पोर्तुगीज राज्य नव्हते. येथे चर्चला न जाण्याबद्दल कोणी पकडणार नव्हते. श्रद्धा केवळ सक्तीने टिकली असती, तर खाडी ओलांडताच ती गळून पडायला हवी होती. ती गळली नाही. संध्याकाळी अंगणातल्या खुरसासमोर दिवा लावून त्यांनी ती आपखुशीने राखली. जी गोष्ट एका पिढीवर लादली गेली असेल, ती पुढच्या पिढीने मोकळ्या हवेत स्वतः निवडली. श्रद्धा खऱ्या अर्थाने तेव्हा त्यांची झाली. आणि आपल्यातील प्रत्येकाची ती दृढीकरणाच्या दिवशी आणि प्रत्येक पास्काच्या रात्री, हातात मेणबत्ती धरून बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारताना होते. ते 'होय' आपल्यासाठी आल्बुकेर्क म्हणू शकत नाही.

या कृतज्ञतेत शेजाऱ्यांचाही वाटा आहे. देवळे गमावलेल्या लोकांच्याच भूमीत, त्यांच्याच राजांच्या अमलाखाली आपल्या पूर्वजांना घर बांधायला आणि क्रूस उभारायला जागा मिळाली. आचऱ्यात श्री रामेश्वराचा कौल होतो आणि गावपळण ठरते, तेव्हा तीन दिवस-तीन रात्री सारा गाव गुरावासरांसह वेशीबाहेर राहुट्यांत राहतो. हिंदूंबरोबर मुसलमान आणि ख्रिस्ती घरेही दाराला कडी घालून निघतात. आमची माणसे जातात ती उपासना म्हणून नव्हे, शेजारधर्म म्हणून. आणि त्यांना तेथे कोणी परके मानीत नाही. त्या राहुट्यांत एकमेकांचे जेवण खाताना कोण कोणाचा वारस याचा हिशेब कोणी मांडत नाही. तीच मिरची, तोच काजू. दोन्ही पोर्तुगीज जहाजांतून आलेली, आणि आज कोणाच्याही चुलीवर परकी नसलेली.

धर्मशिक्षणाच्या वर्गात त्या मुलाला मी हे सारे त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे पोरां सांगतत ता खरां." मी म्हटले, "होय, खरे आहे. पण तेवढेच खरे नाही." मग त्याने विचारले, "तुम्ही त्याच दिवशी का नाय सांगलात?" मी म्हणालो, "मला भीती वाटली." हे उत्तर त्याला बाकीच्या सगळ्यापेक्षा अधिक पटले असावे, असे वाटते.

पुढील वर्षी पुन्हा सहल काढायचे ठरत आहे. यंदा मी दोन गोष्टी सुचवल्या आहेत. पत्रादेवीला बस थांबवून हुतात्म्यांसाठी प्रार्थना करावी. आणि बॉम जेझूत मिस्साबली झाल्यावर फेरीबोटीने दिवाड ओलांडून नार्व्यापर्यंत जावे, सप्तकोटेश्वराच्या अंगणात मुलांसह नम्रपणे उभे राहावे आणि तेथे काय घडले ते आपणच आपल्या मुलांना सांगावे. कोणा वर्गमित्राच्या तोंडून, टोमणा म्हणून, ते त्यांना प्रथम कळू नये.